दादासाहेब मावळंकर आणि १८ डिसेंबर १९५४

सुवर्णमहोत्सवी अंकात कोणाचे चरित्र घ्यावे, ह्या प्रश्नावर बंगळूरच्या मराठी माणसास फारसा विचार करावा लागत नाही. शहाजीराजांची जहागीर ह्या नगरीत होती आणि त्या एका आधारावर आमच्या कित्येक पिढ्यांनी अंकांची कित्येक पाने सजविली आहेत. ह्या वेळी मात्र आम्ही वाचकांना एका निराळ्याच पुरुषाकडे नेणार आहोत. तो योद्धा नव्हता, कवी नव्हता, रूढ अर्थाने पुढारीही नव्हता. आपल्यासारखाच तो मराठी मुलखाबाहेर राहिला, परक्या भाषेच्या शहरात त्याने सारे आयुष्य वेचले, त्या शहराचा तो नगराध्यक्ष झाला आणि अखेरीस स्वतंत्र भारताच्या लोकसभेचा पहिला सभापती झाला. लोकसभेच्या सभापतीस पदावरून दूर करण्याचा पहिला ठराव ज्याच्या विरुद्ध आला तोही हाच. गणेश वासुदेव मावळंकर असे त्याचे नाव. सारा गुजरात त्यांना दादासाहेब म्हणे आणि आम्हीही येथे तसेच म्हणू.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वराजवळच्या मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. राजापूर व अन्य ठिकाणी प्रारंभीचे शिक्षण घेऊन १९०२ साली ते अहमदाबादेस आले आणि तेथलेच झाले. १९०८ साली गुजरात महाविद्यालयातून ते विज्ञानाचे पदवीधर झाले, १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढल्याच वर्षी वकिली करू लागले. वकिली उत्तम चालली. परंतु अहमदाबादचे ते दिवस नुसती वकिली करीत बसण्याचे नव्हते. गांधीजींनी साबरमतीच्या काठी आश्रम मांडला होता, वल्लभभाई पटेल नावाचे एक बॅरिस्टर आपला पोशाख आणि आपली मते दोन्ही बदलू लागले होते आणि गुजरात सभेच्या चिटणीसपदी १९१६ पासून आमचे हे कोकणी मूळ असलेले तरुण वकील होते. खेड्याचा सारा-सत्याग्रह, १९२१ साली अहमदाबादेस भरलेले काँग्रेसचे अधिवेशन, दुष्काळ आणि महापुरांतील मदतकार्य ह्या सर्वांत त्यांचा हात होता, आणि तो बहुधा हिशेबाच्या वहीवर आणि पत्रव्यवहारावर चालणारा हात होता. सभा गाजविणारे पुष्कळ असतात. सभेचे इतिवृत्त नीट लिहिणारा क्वचित सापडतो, हे कोणतेही मंडळ चालविणाऱ्यास सांगावयास नको.

१९१९ साली ते अहमदाबाद नगरपालिकेत निवडून गेले. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ ह्या काळात ते तिचे अध्यक्ष होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना एकंदर सुमारे सहा वर्षे कारावास घडला. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगार बंद्यांच्या कहाण्या त्यांनी पुढे ‘मानवतानां झरणां’ ह्या गुजराती पुस्तकात सांगितल्या. खुनी आणि दरोडेखोर माणसांचे बोलणे शांतपणे, मध्ये न बोलता, ऐकून घेण्याची सवय त्यांना तेथे लागली असावी असे आम्हांस वाटते. पुढे ज्या सभागृहांत त्यांना बसावयाचे होते तेथे ही सवय उपयोगी पडणारी होती.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेने त्यांना सभापती निवडले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखे विरोधक, अशी ती सभा होती. दादासाहेबांनी जोरात चाललेली वकिली सोडली. आणि येथेच तो प्रश्न उभा राहिला, ज्याने त्यांची अखेरपर्यंत पाठ सोडली नाही. सभापती झालेल्या माणसाने आपल्या पक्षाचे काय करावयाचे?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या आधी दिले गेले होते. १९२५ साली मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले लोकनियुक्त अध्यक्ष म्हणून वल्लभभाईंचे वडील बंधू विठ्ठलभाई पटेल निवडून आले. त्या क्षणी त्यांनी स्वराज्य पक्षाशी असलेले नाते तोडले. इंग्लंडातील कॉमन्स सभेची रीत तीच होती. तेथील सभापती पक्ष सोडतो, आणि त्याच्या मोबदल्यात पुढील निवडणुकीत प्रमुख पक्ष सहसा त्याच्या विरुद्ध उमेदवार उभा करीत नाहीत. त्यागाला संरक्षण आहे, म्हणून त्याग टिकतो. दादासाहेबांनी हा दुसरा भाग अचूक हेरला. आपल्याकडे त्यागाची अपेक्षा सारेच करतात, संरक्षण मात्र कोणीच देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा त्यांनी मधला मार्ग धरला. ते काँग्रेसचे सभासद राहिले, परंतु पक्षाच्या वादग्रस्त कारभारातून अंग काढून घेतले. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही, हे ध्यानात ठेविले पाहिजे. पुढे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप आला तेव्हा त्यांची पक्षनिष्ठा कोणी शोधून काढावी लागली नाही. त्यांनी ती स्वतःच जाहीर करून ठेविली होती.

जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्यांच्या विरुद्ध सर कावसजी जहांगीर उभे होते. दादासाहेबांना ६६ मते पडली, सर कावसजींना ६३. तीन मतांच्या ह्या आघाडीवर ते ब्रिटिश अमदानीतील त्या सभागृहाचे शेवटचे अध्यक्ष झाले. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते सभागृहच संपले. घटना समितीने घटना लिहावयाची आणि रोजचे कायदेही करावयाचे, ही दुहेरी कामे कशी विभागावीत ह्याचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. आणि घटना समिती विधिमंडळ म्हणून बसू लागताच १७ नोव्हेंबर १९४७ रोजी तिने त्यांनाच सभापती निवडले.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला मिळाल्या. १५ मे १९५२ रोजी लोकसभेच्या सभापतीची निवड झाली, आणि त्या दिवशीचे दृश्य मराठी माणसाने मनात जपावे असे होते. काँग्रेसचे उमेदवार अहमदाबादहून निवडून आलेले मावळंकर. विरोधकांचे उमेदवार सोलापूरचे, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव शांताराम मोरे. देशाच्या पहिल्या लोकसभेतील पहिली झुंज दोन मराठी माणसांत लागली, आणि दोघांचेही मराठीपण कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मावळंकरांना ३९४ मते पडली, मोऱ्यांना ५५. त्या ३९४ मध्ये एक मत खुद्द शंकररावांचे होते. प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्यास मत द्यावे ही जुनी संसदीय रीत त्यांनी पाळली.

एवढ्या सौजन्याने सुरू झालेली गोष्ट अडीच वर्षांत पदच्युतीच्या ठरावापर्यंत कशी गेली?

त्याचे उत्तर तहकुबी सूचनेत आहे. सभागृहाचे ठरलेले काम बाजूस सारून एखाद्या तातडीच्या प्रश्नावर चर्चा घ्या, अशी ही मागणी असते आणि तिला सभापतींची संमती लागते. इंग्रजी अमदानीत हे काँग्रेसचे आवडते हत्यार होते. सरकार लोकांना जबाबदार नव्हते, त्याला खाली खेचता येत नव्हते. तेव्हा निदान तहकुबी सूचना संमत करून त्याचा धिक्कार तरी करावा, असा तो मामला होता. स्वातंत्र्यानंतर दादासाहेबांनी विचार निराळा केला. आता सरकार सभागृहालाच जबाबदार आहे आणि त्याला जाब विचारण्याच्या दुसऱ्या वाटा आहेत, तेव्हा तहकुबी सूचना ही क्वचित वापरावयाची गोष्ट झाली पाहिजे, असे ते मानीत. तर्क म्हणून हे बिनतोड होते. परंतु विरोधी बाकांवरून पाहा. समोर ३६४ चे बहुमत, हाती असलेले एकुलते एक धारदार शस्त्र आणि ते म्यान करावयास सांगणारा सभापती काँग्रेसचाच सभासद! काल हेच शस्त्र तुमच्या पक्षाने आमच्या डोळ्यांदेखत वापरले आणि आज ते गैर कसे झाले, असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

दादासाहेबांनी शस्त्र काढून घेतले आणि हात रिकामे ठेवले, असे मात्र म्हणता येणार नाही. अर्ध्या तासाची चर्चा, अल्पकालीन चर्चा, लक्षवेधी सूचना ह्या वाटा त्यांच्याच कारकिर्दीत पडल्या. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली की नाही हे पाहणारी समिती १९५३ साली निघाली. कायद्याखाली सरकार जे नियम करते त्यांची छाननी करणारी समितीही त्याच वर्षीची. सरकारच्या खर्चाकडे पाहणारी अंदाज समिती १९५० ची. वटहुकूम काढून राज्य चालविण्याच्या सवयीबद्दल त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहून आपली नापसंती कळविली होती. पक्षाचा माणूस पक्षाच्या सर्वश्रेष्ठ नेत्याला हे लिहीत होता. ही पत्रे मात्र त्या वेळी बाकांवर बसलेल्यांना दिसत नव्हती. त्यांना दिसत होती ती नाकारलेली सूचना आणि नाकारलेला प्रश्न.

१९५४ च्या डिसेंबरात बिहारचे समाजवादी सदस्य विघ्नेश्वर मिसिर ह्यांनी ठराव आणला. तहकुबी सूचनांना संमती देताना आणि प्रश्न नाकारताना सभापतींची वृत्ती निःपक्षपाती राहिलेली नाही, सदस्यांच्या हक्कांना त्यांच्या निर्णयांनी बाध येतो, वादाच्या प्रसंगी ते सरकारच्या माहितीवर विश्वास ठेवतात आणि इतर सदस्यांच्या माहितीवर ठेवीत नाहीत, म्हणून त्यांना पदावरून दूर करावे, असा त्याचा आशय होता.

येथे थोडे थांबून घटनेची यंत्रणा पाहिली पाहिजे, कारण तिच्यावाचून त्या दिवसाचा अर्थ लागत नाही. राष्ट्रपतींवर महाभियोग आणावयाचा तर ६१ व्या कलमाप्रमाणे सभागृहाच्या एकचतुर्थांश सदस्यांची सही, १४ दिवसांची सूचना आणि मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमत लागते. एक सभागृह आरोप ठेवते, दुसरे त्याची चौकशी करते. हा वारसा इंग्लंडातून आला. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला आणि तो निर्दोष सुटला. अमेरिकेत १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन सिनेटमध्ये केवळ एका मताने वाचले. १९७४ साली निक्सन ह्यांनी महाभियोग येऊन कोसळण्यापूर्वीच राजीनामा दिला. आपल्याकडे एकाही राष्ट्रपतीला आजवर ह्या प्रकारे पदावरून जावे लागलेले नाही. सभापतींची गोष्ट ह्याहून साधी आहे. ९४ व्या कलमाप्रमाणे १४ दिवसांची सूचना द्यावयाची आणि त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव संमत करावयाचा. न्यायासन नाही, चौकशी नाही, गुन्हा सिद्ध करण्याची अटही नाही. विश्वास उडाला एवढे पुरे. आणि ९६ वे कलम सांगते की अशा ठरावाचा विचार चालू असताना सभापतीने आसनावर बसावयाचे नाही. तो सभागृहात हजर राहू शकतो, इतर सदस्यांसारखा बोलू शकतो, मतही देऊ शकतो. समसमान मते पडली तर निर्णायक मत देण्याचा एरवीचा अधिकार मात्र त्याला नाही.

म्हणजे आसन आणि माणूस ह्यांना घटनेने त्या तेवढ्या वेळापुरते एकमेकांपासून वेगळे केले आहे. ही बारकाई वाटते तितकी क्षुल्लक नाही. आपल्याच बंगळुरात, विधानसौधात, १५ डिसेंबर २०२० रोजी विधान परिषदेच्या सभापतींना दूर करण्याच्या सूचनेवरून वाद पेटला असता उपसभापती आसनावर बसले आणि काही सदस्यांनी त्यांना धरून आसनावरून खाली ओढले. ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. आसनावर कोणी बसावे ह्याचा निकाल हाताने लागला की काय होते, हे आम्ही त्या दिवशी आमच्या गावात पाहिले.

१८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेत आसनावर दादासाहेब नव्हते. उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार बसले होते. ठरावाचे भवितव्य आकड्यांनी आधीच ठरविले होते. ३६४ पुढे विरोधकांची बेरीज कशीही केली तरी पुरी पडणारी नव्हती, हे मिसिरांना ठाऊक होते, सर्वांनाच ठाऊक होते. मग ठराव कशासाठी? आमच्या मते ह्या प्रकारच्या ठरावाचे राजकारण मतांत नसतेच. एरवी सभापतीच्या निर्णयावर सभागृहात टीका करता येत नाही. पदच्युतीचा ठराव आला म्हणजे ते दार उघडते. अडीच वर्षे गिळलेले शब्द एका दुपारी उघडपणे, नियमांच्या छत्राखाली, इतिवृत्तात नोंदले जातात. विरोधकांना तेच हवे होते आणि ते त्यांना मिळाले.

पंतप्रधान नेहरूंनी त्या दिवशी जे केले ते आम्हांस विशेष वाटते. आपल्या पक्षाच्या सदस्यांवर ह्या बाबतीत पक्षादेश नाही, प्रत्येकाने पक्ष विसरून आपल्या मनाप्रमाणे मत द्यावे, असे त्यांनी सांगितले. चर्चेतला मोठा वाटा विरोधकांना मिळावा असेही त्यांनी सुचविले. आणि हे करून मग त्यांनी ठरावावर कठोर टीका केली. एखादा निर्णय चुकला म्हणणे निराळे आणि निर्णय देणाऱ्याच्या सचोटीवर शंका घेणे निराळे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ठराव फेटाळला गेला. पक्षादेश नसताना काँग्रेसच्या सदस्यांपैकी कितीजण खरोखर मोकळ्या मनाने विचार करीत होते, हा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. ज्याच्या बाजूला बहुमत आहे त्याचे औदार्य काहीसे स्वस्त असते. तरीही ते दाखविले गेले हे खरे, आणि पुढच्या काळात ते किती दुर्मिळ झाले हेही खरे.

दादासाहेब पक्षपाती होते काय? त्यांच्या निर्णयांत पक्षासाठी वाकलेपणा होता असे आम्हांस वाटत नाही. परंतु विरोधक निव्वळ खोडसाळ होते असेही आम्ही म्हणणार नाही. खुर्ची न्यायाधीशाची आणि खिशात पक्षाचे सभासदत्व, ही अवस्था ज्याने पत्करली त्याने प्रत्येक नकाराबरोबर संशयही पत्करला. विठ्ठलभाईंना हा संशय शिवला नाही, कारण त्यांनी दोर कापून टाकला होता. दादासाहेबांनी तो कापला नाही. त्याचे कारणही त्यांनी दिले: सभापतीच्या मतदारसंघात निवडणूक लढविली जाऊ नये अशी प्रथा आधी पडू द्या. देशातील सभापतींच्या परिषदांचे ते अध्यक्ष असत आणि तेथे हा विषय त्यांनी लावून धरला. पक्षांनी माना डोलावल्या, वचन दिले नाही. ज्या पुलाचे एकच टोक बांधले गेले त्या पुलावर ते उभे होते. पाडणारे आणि बांधू न देणारे पुष्कळदा एकच होते, हे आम्ही येथे कडवटपणा न ठेवता नोंदवितो.

ठराव फेटाळला गेल्यावर दादासाहेब पुन्हा आसनावर बसू लागले आणि त्यांच्यावर आरोप करणारे पूर्वीप्रमाणेच त्यांच्याकडे बोलण्याची परवानगी मागू लागले. अशा ठरावाचा तोच खरा उत्तरार्ध होय. मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांवर आगपाखड करून चिवड्याची बशी त्यांच्याच हातून घेणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. आणि न घेता कायमचे निघून गेलेलेही पाहिले आहेत. मंडळ चालते ते पहिल्यांच्या जिवावर.

सभापतीवरील असे ठराव पुढेही आले. १९६६ साली सरदार हुकुमसिंग ह्यांच्या विरुद्धच्या ठरावाला पन्नास सदस्यांचाही पाठिंबा उभा राहिला नाही, म्हणून तो चर्चेलाच आला नाही. १९८७ साली बलराम जाखड ह्यांच्यावरील ठराव चर्चेनंतर फेटाळला गेला.

दादासाहेबांच्या आयुष्याची आता सव्वा वर्षच उरली होती. कस्तुरबा स्मारक आणि गांधी स्मारक निधीची कामे त्यांच्या अंगावर होती. नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेचेही ते संस्थापक अध्यक्ष होते. गांधीजींच्या ह्या अनुयायाच्या नावाने देशात बंदुकीच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात, हे वाचून आमच्या वाचकांना हसू येईल; आम्हांलाही आले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेस त्यांचे निधन झाले. त्यांच्या विरुद्धच्या ठरावाच्या दिवशी आसनावर बसलेले अनंतशयनम् अय्यंगार हेच त्यांच्यामागून सभापती झाले. दिल्लीत रफी मार्गावर विठ्ठलभाई पटेल भवनाच्या आवारात मावळंकरांच्या नावाचे सभागृह आहे. पक्ष सोडणारा आणि पक्ष न सोडणारा असे दोन्ही अध्यक्ष तेथे शेजारी आहेत. त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर १९७२ साली अहमदाबादहूनच, कोणत्याही पक्षाच्या तिकिटाविना, लोकसभेत गेले आणि आणीबाणीच्या काळात सभागृहात निर्भयपणे बोलले.

त्याआधी, १९५६ सालीच, दादासाहेबांच्या मृत्यूने रिकामी झालेल्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई उभ्या राहिल्या. सभापतीच्या मतदारसंघात लढत होऊ नये, ही जी गोष्ट दादासाहेबांनी आयुष्यभर मागितली आणि जी त्यांना मिळाली नाही, ती त्या वेळी अहमदाबादेत घडली. सुशीलाबाईंच्या विरुद्ध कोणीही अर्ज भरला नाही.